संगणकीय दप्तर : निवडीपूर्वी तुलना हवी

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांचे अर्थकारण घोड आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर, उसावर व दुधावर, आणि गेल्या काही दशकांत रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखानदारीवर उभे राहिले आहे. या अर्थकारणातील पैसा ज्यांच्या हातून फिरतो त्या पतसंस्था, दूध संस्था आणि पगारदारांच्या पतपेढ्या यांची दप्तरे लाल फडक्यातून निघून संगणकात गेली आहेत. ही घटना स्वागतार्ह आहे. तथापि कार्यालयाची खोली बांधावयाची झाली तरी तीन निविदा मागविणारी संस्था, ठेवीदारांची पै न् पै ज्या प्रणालीत नोंदली जाणार ती निवडताना पुष्कळदा विक्रेत्याच्या एका भेटीवर समाधान मानते. हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, आपला नव्हे, असे संचालकांना वाटते आणि सभासदांनाही वाटते. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आणि सभासदांच्या हक्काचा प्रश्न आहे.

संगणकातील दप्तराला डेटाबेस म्हणतात. त्याची प्रचलित रचना समजून घेण्यासाठी महसुली दप्तरातील गाव नमुने पाहावेत. सातबाराच्या उताऱ्यावर गट क्रमांक असतो. त्यावरील खाते क्रमांक धरून गेले की नमुना आठ-अ मध्ये त्या खातेदाराची गावातील सारी जमीन सापडते. फेरफार क्रमांक धरून गेले की नमुना सहामध्ये खरेदीची वा वारसाची नोंद सापडते. स्वतंत्र तक्ते आणि त्यांना परस्परांशी जोडणारे क्रमांक, हीच ती रचना होय. आयबीएम कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कल्पनेला गणिती शिस्त दिली आणि त्यातून रिलेशनल डेटाबेस जन्माला आले. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही सर्व त्याच कुळातील नावे आहेत. कूळ एक असले तरी स्वभाव एक नाही, म्हणूनच तुलना करावी लागते.

सातबाराचा धडा

दप्तर एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणे किती कष्टाचे असते, हे महाराष्ट्राने सातबाराच्या बाबतीत अनुभवले आहे. राज्यातील सुमारे अडीच कोटी उतारे संगणकात आले. पण हस्तलिखित उतारा आणि संगणकातील उतारा यांत तफावती निघाल्या. कोठे क्षेत्र चुकले, कोठे नाव सुटले. त्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करावे लागले, दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लोकांच्या हाती येऊ लागला. राज्यशासनाच्या मागे महसूल खात्याची सारी यंत्रणा उभी होती, म्हणून हे साधले. तीन कारकुनांच्या पतसंस्थेवर हाच प्रसंग आला तर तिच्या मागे कोण उभे राहणार?

असा प्रसंग काल्पनिक नाही. एके काळी महाराष्ट्रातील कित्येक सहकारी संस्थांचे हिशेब फॉक्सप्रोवर लिहिलेल्या प्रणालींत चालत. फॉक्सप्रो बनविणारी कंपनी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असे २००७ मध्ये जाहीर झाले, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलेसुरले साहाय्यही थांबले. मायएसक्यूएल ही मुळात स्वीडनमधील कंपनीची निर्मिती. ती २००८ मध्ये सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनसह ओरॅकलकडे गेली. संस्थेचे आयुष्य पन्नास वर्षांचे आणि कंपनीचे धोरण पाच वर्षांचे, हा विषम व्यवहार आहे. एकदा दप्तर आत गेले की बाहेर पडण्याचा खर्च इतका वाढतो की विक्रेता मागेल ती वार्षिक रक्कम मुकाट्याने द्यावी लागते. ग्राहक अडकला की बाजारातील स्पर्धा त्याच्यापुरती संपली, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको.

तुलना कशाची करावी?

पहिली कसोटी हिशेबाच्या अखंडतेची. एका खात्यातून रक्कम नावे पडली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर काय होते? उत्तम डेटाबेस जमा आणि नावे या दोन्ही नोंदी करतो, नाही तर एकही करीत नाही. त्याची युक्ती आपल्या जुन्या मुनिमांना ठाऊक होती. आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी अर्धवट राहिली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस यांत ही व्यवस्था अंगभूतच आहे. मायएसक्यूएलमध्ये मात्र ती पुरविणारी साठवणपद्धती २०१० च्या ५.५ या आवृत्तीपासून मूळ निवड म्हणून आली. त्यापूर्वी जी पद्धती आपोआप मिळे तीत ही हमी नव्हती. तेव्हा केवळ नाव विचारून भागत नाही, आवृत्ती आणि मांडणीही विचारावी लागते.

दुसरी कसोटी गर्दीची. एसक्यूएलाइट ही लहान, विनामूल्य आणि अत्यंत विश्वासार्ह प्रणाली आहे. मोबाइल फोनमध्ये ती सर्रास असते. पण तिच्या दप्तरात एका वेळी एकाचीच लेखणी चालते. एका टेबलाच्या संस्थेला ती पुरेल. बाजाराच्या दिवशी चार खिडक्यांवर भरणा घेणाऱ्या संस्थेला पुरणार नाही.

तिसरी कसोटी मराठीची, आणि ती परक्या मुलखातील तुलनापत्रकांत आढळत नाही. जुन्या प्रणालींत मराठी नावे विशिष्ट फाँटच्या सांकेतिक अक्षरांत भरलेली असत. तो फाँट नसेल तर कुऱ्हाडे हे आडनाव निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसते. युनिकोडमुळे हा त्रास टळला, तरी सारे मिटलेले नाही. कुऱ्हाडे या नावातील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला भिन्न वाटतात, आणि खातेदार असूनही शोधात सापडत नाही. अनुक्रमाचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात; संगणकाच्या मूळ क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. खरा मराठी क्रम लावता येतो का, हे यादी प्रत्यक्ष छापूनच पाहावे.

चौथी कसोटी खर्चाची. येथे पहिल्या दिवसाच्या किमतीवर जाऊ नये. दहा वर्षांचा हिशेब मांडावा. परवाना, वार्षिक देखभाल, माणसांचे प्रशिक्षण आणि शेवटी बाहेर पडण्याचा खर्च, अशी चार कलमे त्यात हवीत. विनामूल्य मिळणाऱ्या आवृत्तीची मर्यादाही पाहावी. एसक्यूएल सर्व्हरच्या विनामूल्य आवृत्तीत २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० गिगाबाइटची मर्यादा होती. दप्तर वाढले आणि मर्यादा गाठली की परवान्याचा खर्च समोर येतो.

पाचवी कसोटी सर्वांत महत्त्वाची. आपले सारे दप्तर, विक्रेत्याच्या संमतीवाचून, दुसऱ्या प्रणालीला वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येते का? या डेटाबेसांची भाषा १९८६ पासून प्रमाणित झालेली आहे, हे खरे. पण प्रत्येकाने तिच्यात आपापली बोली मिसळली आहे, आणि गुंतवणूक त्या बोलीतच होते.

एक आक्षेप

पोस्टग्रेसवर कोणा एका कंपनीची मालकी नाही आणि त्याला परवानाशुल्कही नाही. त्यावर आक्षेप येतो की, जे फुकट त्याला जबाबदार कोण? आक्षेप अगदीच अनाठायी नाही. बिघाड झाला तर रात्री दौंडला येणारा माणूस लागतो, आणि त्याला मोबदला द्यावाच लागतो. परंतु मालकीच्या प्रणालीतही तो माणूस बहुधा स्थानिकच असतो. परदेशी कंपनी घोडनदीला धावून येत नाही. फरक इतकाच की, मुक्त प्रणालीत पहिला माणूस नीट काम करीनासा झाला तर दुसरा नेमता येतो. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्त प्रणालींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. म्हणून सबळ कारण असल्याखेरीज लहान संस्थांनी मुक्त प्रणालीच पसंत करावी, असे माझे मत आहे.

विकास सोसायट्यांपुरता हा प्रश्न वरूनच सुटला आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. प्रणाली देशभर एकच, निवड केंद्राची. इतर संस्थांना मात्र स्वतःच निवड करावयाची आहे. त्यांना हे झेपणार नाही असे म्हणणे पटत नाही. खरेदीपूर्वी आपल्याच मार्च महिन्यातील सर्व नोंदी दोन प्रणालींत भराव्यात, मध्येच संगणकाची वीज तोडून ताळेबंद जुळतो का ते पाहावे, आणि राखीव प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून दाखविण्यास विक्रेत्याला सांगावे. तालुक्यातील पाच-सहा संस्थांनी एकत्र येऊन महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर हे काम सोपविले तर खर्च नाममात्र येईल, आणि विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे शिक्षणही मिळेल. मात्र त्यासाठी खातेदारांची खरी नावे आणि ओळखीचे क्रमांक बदलूनच नोंदी त्यांच्या हाती द्याव्यात.

या चाचणीचा निकाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे, लेखापरीक्षकाच्या अहवालाशेजारी, ठेवला पाहिजे. सभेत लाभांशावर तासभर वाद घालणाऱ्या शिक्षकांनी व कारकुनांनी एकच प्रश्न विचारावा : उद्या हा विक्रेता नसला, तर परवा सकाळी आपली खिडकी उघडेल काय? ज्या संचालक मंडळाजवळ याचे लेखी उत्तर नसेल, त्याने खरेदीचा ठराव मांडू नये आणि सभासदांनी तो मंजूर करू नये.