फुलांच्या दरीची वाट

गढवालमधील गोविंदघाट ते हेमकुंड साहिब या १२.४ किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली. खर्च सुमारे २,७३० कोटी रुपये, आणि क्षमता दिवसाला अकरा हजार प्रवाशांची. चार हजार मीटरहून अधिक उंचीवरील या पवित्र सरोवराची चढण धडधाकट माणसाचीही दमछाक करते. तेव्हा वृद्ध व अशक्त यात्रेकरूंची सोय व्हावी, या हेतूस कोणी हरकत घेऊ नये. परंतु ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यटकांनाही हा मार्ग उपयोगी पडेल, अशी पुस्ती सरकारने जोडली आहे. विचार व्हावयास हवा तो या पुस्तीचा.

हेमकुंडाची आणि फुलांच्या दरीची वाट घांघरियापर्यंत एकच आहे. तेथून उजवीकडे यात्रेकरू चढू लागतो. डावीकडे वनखात्याचे तपासणी नाके लागते. पुढे ८७.५ चौरस किलोमीटरचे उद्यान. येथे मुक्कामास परवानगी नाही, तंबू नाही, खेचरही नाही. सकाळी नाव नोंदवून आत जावयाचे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावयाचे. मग येथे येऊन करावयाचे काय? चालावयाचे आणि पाहावयाचे. पुष्पावतीचा पूल ओलांडून भूर्जवृक्षांतून वर आले की दरी उघडते, आणि जुलैच्या मध्यापासून महिनाभर तिचे उतार फुलांनी भरलेले असतात. निळी हिमालयी पॉपी, फणा काढल्यासारखी दिसणारी कोब्रा लिली, प्रिम्युला, आणि सह्याद्रीतील तेरड्याचे उंचीवरचे भाईबंद. पाऊस बहुधा अंगावर असतोच. त्याविना फुलेही नाहीत. १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ या दरीत उतरला आणि त्याच्या पुस्तकाने तिचे नाव जगभर नेले. १९३९ मध्ये वनस्पती गोळा करताना कड्यावरून घसरून मृत्यू पावलेल्या जोन मार्गारेट लेग यांची समाधी आजही तेथे आहे, आणि बहुतेक प्रवासी तिच्यापाशी थोडा वेळ बसतात. करमणुकीची साधने म्हणावी तर एवढीच. वस्तुतः ती पुरेशी आहेत.

तथापि या शिस्तीची किंमत पर्यटकाने मोजलेली नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि भ्यूंडार खोऱ्यातील मेंढपाळांची पिढ्यान्‌पिढ्यांची चराई बंद पडली. पुढे ‘अमेला’ नावाची उंच वाढणारी वनस्पती दरीत फोफावली. चराईच तिला आवरत होती, असे काही जाणकारांचे मत. इतरांस ते मान्य नाही. वनखाते ती उपटीत राहिले आहे. साताऱ्याच्या कास पठारावरील कुंपणावरून असाच वाद झाला होता. त्याच वर्षी शेजारचे नंदादेवीचे खोरेही बंद झाले, आणि गिर्यारोहकांचे सामान वाहून पोट भरणाऱ्या लाता व रैणी गावांचा रोजगार गेला. रैणी म्हणजे गौरादेवींचे गाव, जेथील स्त्रियांनी १९७४ मध्ये ठेकेदाराची माणसे अडवून झाडे वाचविली. ज्यांनी अरण्य राखले, त्यांनाच त्याबाहेर ठेवले गेले, हे येथे विसरता कामा नये.

चराई गेलेल्या भ्यूंडारच्या लोकांनी उपजीविका शोधली ती याच वाटेवर. खेचरे, डोली, चहाची दुकाने, राहण्याच्या खोल्या यांवर संसार चालतात; ग्रामस्थांची समिती वाटेची साफसफाई पाहते. जून २०१३ च्या महापुरात ही वाट वाहून गेली, तेव्हा हंगामाची मिळकतही बुडाली. आता पाळणे डोक्यावरून निघून जातील. चार दशकांत एकाच खोऱ्याकडून दुसऱ्यांदा त्याग मागितला जात आहे आणि त्यास विकास म्हटले जात आहे.

घांघरिया ही हिवाळ्यात बर्फाखाली जाऊन निर्मनुष्य होणारी, डोंगराच्या कुशीतील चिंचोळी वस्ती. रज्जुमार्गाचा पहिला टप्पा तेथेच संपतो. दिवसाच्या अकरा हजारांपैकी दहांशाने जरी डावीकडची वाट धरली, तरी दरीतल्या त्या एकमेव पायवाटेवर अकराशे माणसे होतील. पायवाट सोडून एक पाऊल बाजूला टाकले तरी ते रोपांवर पडते. म्हणून पहिला पाळणा हलण्यापूर्वी दोन गोष्टी नियमाने ठरल्या पाहिजेत. दरीत एका दिवशी किती जणांस प्रवेश, हा आकडा जाहीर व्हावा आणि गर्दीच्या दबावाने तो वाढविता येऊ नये. दुसरे, रज्जुमार्गावरील नोकऱ्या, दुकाने व प्रवेशशुल्कातील वाटा यांवर भ्यूंडार आणि पुलना या गावांचा पहिला हक्क लेखी मान्य व्हावा. मार्ग सुरू झाल्यावर पाहू, हे उत्तर चालणार नाही. तोवर घांघरियात नव्या इमारती उभ्या राहिलेल्या असतील, आणि त्यांतील खोल्या भरण्याची निकड नाक्यावरच्या पहारेकऱ्याच्या वहीहून बलवत्तर ठरेल.