घर चवथीपुरतं नसतं



"जुनं घर दुरुस्त करायचं की पाडून नवीन बांधायचं?" हा प्रश्न सध्या तुमच्यापैकी अनेकांच्या फॅमिली ग्रुपवर चालू असेल. आमच्याकडे तो दोन वर्षं चालला. फोंडा तालुक्यातलं आमचं घर म्हणजे दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंती, मधे राजांगण, वर मंगळुरी कौलं. घराचे मालक पाच, पण बारा महिने राहणारी एकटी काकी. वय ७१.

ग्रुपवर दोन पक्ष होते. पुणे-बंगळूरला राहणारे आम्ही भावंडं म्हणत होतो, कशाला हात लावू नका. थोरले काका म्हणत होते, पाडा आणि स्लॅब घाला. शेवटी चुलत बहिणीने काकीलाच विचारलं, "तुला काय हवं?" काकीने तीन गोष्टी सांगितल्या. रात्री बाथरूमसाठी परसात उतरावं लागू नये, पावसाळ्यात भिंती ओल्या राहू नयेत, स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागू नये. बस्स. पुढचं सगळं काम आम्ही या तीन ओळींवर बेतलं.

आधी भिंतींचं. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. जुना गिलावा चुन्याचा असल्यामुळे भिंतीतली ओल त्यातून हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की वाट बंद होते. ओल आतच राहते, भिंतीत वर चढते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून पडायला लागतो. मग लोक म्हणतात, जुनी भिंत कुजली! आमच्या मागच्या भिंतीवर कधीतरी मारलेलं सिमेंट काढून पुन्हा चुना केला. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागला, खर्चही जास्त आला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे तिथे घाई चालत नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलं आणि शाकारणीआधी पूर्ण केलं.

बाथरूम जुन्या घराच्या पोटात बसवायचा सल्ला बहुतेकांनी दिला. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात अशी वेळ नेहमी येते. सिस्टीम जुनी, लिहिणारा केव्हाच निघून गेलेला, कागदपत्रं शून्य, पण ती चालू असते. अशा वेळी आतल्या कोडला हात न लावता नवीन भाग बाजूला जोडतात. इथेही तेच केलं. काकीच्या खोलीला लागून मागे नवीन बाथरूम बांधलं, त्याचा पाया वेगळा ठेवला आणि जुन्या भिंतीत ते गुंतवलं नाही. नवीन पाया थोडाफार खचतोच, एकत्र बांधलं असतं तर जुन्या भिंतीला तडा गेला असता. मधल्या फटीवर पत्रा लावून पाणी अडवलं. नळाचे पाइप भिंतीत न पुरता उघडे ठेवले, म्हणजे गळती लगेच दिसते. आत न घसरणाऱ्या फरश्या आणि धरायला दांडा. त्याच्या छताला फिलर स्लॅब केला, म्हणजे काँक्रीटच्या खालच्या भागात उरलेली कौलं बसवली. लॉरी बेकरने केरळात लोकप्रिय केलेली ही पद्धत. काँक्रीट कमी लागतं, खोलीही कमी तापते.

स्वयंपाकघरात खिडकी पाडायची गरजच पडली नाही. छपरातली चार कौलं काढून तिथे काचेची बसवली. हा उपाय आपल्या जुन्या घरांतलाच आहे. वायरिंग मात्र पूर्ण नवीन केलं, भिंती न फोडता वरून पाइपातून नेलं, अर्थिंग आणि आरसीसीबीसकट. इथे काटकसर करू नका.

तडजोड कुठे करावी लागली? मागच्या दाराचा उंबरठा. सागवानी, चांगला वीतभर उंच, मधे झिजून खोलगट झालेला. बाथरूमच्या वाटेवर तोच होता आणि काकीचा गुडघा तिथे अडायचा. तो काढायला आम्हा भावंडांचा जीव होईना. काकी म्हणाली, "देवघराचा ठेवा, हा काढा. तुम्ही ओलांडता पाच दिवस, मी रोज." उंबरठा काढला. आता तो राजांगणाच्या कडेला बसायची फळी झाला आहे.

जुन्यात नवीन मिसळणं हे काही आपल्या पिढीने शोधलेलं नाही. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये. त्याआधी आपल्याकडे घरांवर हाताने घडवलेले नळे असत. म्हणजे ज्या कौलांसाठी आपण आज हळवे होतो, ती एके काळी कारखान्यातून आलेली नवी वस्तू होती. कोणीतरी पावसाचा विचार करून ती जुन्या वाशांवर चढवली. घर टिकलं ते त्यामुळे.

म्हणून सांगतो, यंदा चवथीला गावी जाल तेव्हा फोटो काढाच. पण एक संध्याकाळ घरात राहणाऱ्या माणसाबरोबर सगळ्या खोल्यांतून फिरा. कुठे गळतं, कुठे पाय अडखळतो, कुठला दिवा लागत नाही ते वहीत लिहा. मालक जास्त असतील तर कोण किती पैसे घालणार हेही त्याच वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आर्किटेक्ट, गवंडी, रंग हे सगळं त्यानंतर.

तुमच्या घराच्या यादीत काय निघालं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या महिन्यात!