तपासणी बाळाची, शिक्षा आईला?

अमेरिकेत काही रुग्णालयांत नवजात बाळाची लघवी, पहिली काळी शी किंवा नाळेचा तुकडा तपासतात. आईने गरोदरपणी नशा केली होती का, ते पाहायला. ऐकताना वाटतं, यात वाईट काय? पण १९९२ साली दक्षिण कॅरोलायना राज्यात बाळाच्या शरीरात कोकेनचे अंश सापडले म्हणून कॉर्नेलिया व्हिटनर या आईला ८ वर्षांची कैद झाली. त्याच राज्यात चार्ल्सटनच्या एका सरकारी रुग्णालयाने बायांच्या लघवीचे अहवाल पोलिसांना दिले. अटक झालेल्या ३० जणींपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. पोलिसांसाठी बाईच्या संमतीवाचून केलेली अशी तपासणी घटनाबाह्य आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितलं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त परदेशातला नाही. मी श्रीपूरला काम करते. इथे साखर कारखाना आहे, हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. आमच्या बायांची नशा कोकेनची नाही, मशेरीची. पहाटे मशेरी लावली की भूक मरते, दाढेचा ठणका थांबतो आणि मोळ्या वाहता येतात. ती निरुपद्रवी मुळीच नाही. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरी-तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली.

मग इथेही बाळं तपासायची का? निकोटिनचे अंश सापडतील. सासू म्हणेल, हिनंच पोराचं वाटोळं केलं. पण मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, दिवस भरत आले तरी डोक्यावरची मोळी, नवऱ्याची दारू, यातलं काहीच बाळाच्या शीत सापडत नाही. आणि पुढच्या खेपेला ती बाई दवाखान्याची पायरी चढणार नाही, पालावरच बाळंत होईल.

तपासणीलाच माझा विरोध नाही. अफू-हेरॉइनची सवय असलेल्या आईचं बाळ जन्मानंतर थरथरतं, सारखं रडतं. उपचारासाठी डॉक्टरांना कारण कळायलाच हवं. पण ते आईला विचारून, समजावून. आणि अहवाल उपचारापुरताच राहावा, घरच्यांच्या किंवा पोलिसांच्या हाती जाऊ नये.

मशेरीचं तर बाळंतपणानंतर शोधण्यात अर्थच नाही. गरोदरपणाच्या पहिल्या भेटीतच न रागावता विचारावं, दातांवर उपचार द्यावेत, ती सोडायला मदत करावी. तोडणीवरच्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी, हीही आपल्या गटांची मागणी हवी. बाळाची एवढी काळजी असेल, तर आधी आईच्या पोटात सकाळी काय पडलं ते विचारा.