कांद्याची गाडी रात्री कुठे थांबते? ट्रकचालकाच्या झोपेचा आणि तुमच्या मालाचा संबंध

गाडी भरून झाली, ताडपत्री आवळली, बिल्टी हातात पडली की आपले काम संपले असे आपण धरतो. पुढचा फोन थेट पहाटे जातो, "दादा, कुठवर आलात? लिलावाला गाडी लागेल ना?" मधल्या रात्री चालक कुठे थांबला, झोपला की नाही, हे विचारायची पद्धत नाही. वाळवण, प्रतवारी, गोणी यांवर आपण भरपूर बोलतो. या एका रात्रीवर मात्र बोलत नाही, आणि माल, चालक, कित्येकदा गोण्यांवर बसून गेलेला शेतकरी, असे सगळेच त्या रात्रीच्या भरवशावर असतात.

हा विषय आता घेण्याचे कारण आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी राजस्थानातील फलोदी जिल्ह्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर प्रवासी गाडी आदळून १५ जणांचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि महामार्गाकडेचे ढाबे व तिथे उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल महामार्ग प्राधिकरणाकडे विचारणा केली. रस्त्यावर गाडी उभी करू नये, हे बरोबरच आहे. पण मग ती उभी करायची कुठे, याचे उत्तर दिल्याशिवाय नुसती मनाई करून चालक काय करणार? तो पुढे दहा किलोमीटर पेंगत जाणार आणि तिथल्या कडेला थांबणार.

सोलापूर हे मुक्कामाचेच गाव

नकाशा डोळ्यासमोर आणा. पुणे–हैदराबाद महामार्ग आपल्या शहरावरून जातो. धुळे–छत्रपती संभाजीनगरकडून विजयपूरकडे उतरणारा रस्ताही इथेच येतो. कोल्हापूर–सांगलीकडचा आणि अक्कलकोटमार्गे कलबुर्गीला जाणारा रस्ताही इथलाच. पुणे इथून सुमारे २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या थोडे पुढे. म्हणजे दोन्हीकडून निघालेल्या भरल्या गाडीचा चालक साधारण इथेच दमतो. त्यात डिसेंबर-जानेवारीत श्री सिद्धेश्वर बाजार समितीत लाल कांद्याची आवक सुरू झाली की धाराशिव, बीड, अहिल्यानगर, पुणे आणि विजयपूर-कलबुर्गी भागातून शेकडो गाड्या येतात. भर हंगामात हा आकडा दिवसाला हजारावर गेलेला आहे. आवक फार झाली की एखादा दिवस लिलाव बंद ठेवावे लागतात आणि रांग यार्डाबाहेर हैदराबाद रस्त्यावर येते. त्या रांगेतला चालक दोन रात्री केबिनमध्ये काढतो. गाडी तासातासाला दहा फूट सरकवायची असते, त्यामुळे त्याला झोपही धड लागत नाही. तिसऱ्या दिवशी खरेदीदाराचा माल भरून हाच माणूस हैदराबादला किंवा बंगळूरला निघतो.

आता तासांचा हिशेब करू. सोलापूर ते बंगळूर अंतर ६०० किलोमीटरच्या वर आहे. भरलेला ट्रक चढ, टोल, गावे धरून ताशी सरासरी ४० किलोमीटर पडतो असे धरले, तर नुसते चालवण्याचेच १५ तास होतात. संध्याकाळी ६ ला गाडी भरून "सकाळी ६ ला यशवंतपूरच्या बाजारात लागली पाहिजे" असे सांगितले, की १२ तासांत न थांबता ताशी ५० ची सरासरी मागितली जाते. जेवण नाही, डुलकी नाही. ही मागणी आपण फोनवर सहज करतो, आडत्याही करतो, आणि चालक "हो" म्हणतो, कारण पुढच्या फेरीचे भाडे त्या "हो" वर असते.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने कामाच्या तासांसाठी तोच दाखला दिला. पण चालक किती तास स्टिअरिंगवर होता हे आपल्याकडे कुणी मोजत नाही. एकच गाडी असलेला मालक-चालक असेल तर विचारणाराच कोणी नाही. झोप मात्र कायद्याची वाट बघत नाही. पहाटे २ ते ५ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत शरीर आपोआप मंदावते. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया दारू घेतलेल्या माणसासारखी उशिरा होते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. चहा, तंबाखू, गाण्यांनी झापड थोडी पुढे ढकलली जाते, एवढेच.

खोली आहे, पण गाडी सोडून जायचे कसे?

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात १००० विश्रांतीगृहांची घोषणा केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महामार्गालगतच्या सुविधांसाठी 'हमसफर' धोरण आले. सरकारी तेल कंपन्यांनी पेट्रोल पंपांवर 'अपना घर' नावाची विश्रांतीगृहे सुरू केली. जुलै २०२५ पर्यंत देशभरात अशी ३६८ ठिकाणे आणि ४,६११ खाटा झाल्याचे सरकारने सांगितले. अंघोळ, शौचालय, पिण्याचे पाणी, स्वतः स्वयंपाक करायला जागा, अशी सोय आहे. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने केबिनमध्ये काढला आहे त्याला याचे मोल सांगायला नको. जुन्या गाड्यांना मात्र हा नियम नाही, आणि रस्त्यावर जास्त गाड्या जुन्याच आहेत.

तरीही चालक केबिनमध्येच का झोपतो? कारण गाडीत तुमचा माल आहे. ताडपत्री कापून चार गोण्या गेल्या, टाकीतले डिझेल काढले, स्टेपनी गेली, तर भरपाई बहुतेक वेळा त्याच्या भाड्यातून कापली जाते. खाटेवर जाऊन झोपणे त्याला परवडत नाही. म्हणून आपल्या मते खाटांच्या आकड्यापेक्षा आधी हवी आहे ती पक्की, उजेडाची, राखणदार असलेली पार्किंगची जागा, जिथे शौचालय आणि पाणी गाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. ती मिळाली की केबिनमधली झोपसुद्धा झोप ठरते.

अशी जागा आज कुठे मिळते? पुण्याकडे जाताना सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, हैदराबादकडे फुलवाडी, तलमोड, तुळजापूरकडे तामलवाडी असे टोलनाके लागतात. टोलनाक्याजवळ उजेड आणि वर्दळ असते, त्यामुळे तिथून पुढे अंधारात थांबण्यापेक्षा तिथल्या ट्रकसाठीच्या थांब्यावर गाडी लावणे बरे. ओळखीचा मोठा पेट्रोल पंप, आत भरपूर जागा असलेला ढाबा, हे पुढचे पर्याय. केगाव–हत्तूर बाह्यवळणासारख्या मोकळ्या रस्त्यावर गाड्या वेगात असतात. तिथे पांढऱ्या पट्टीलगत गाडी लावून झोपणे सर्वांत धोक्याचे. गाडीच्या सावलीत, चाकापाशी किंवा गाडीखाली कोणी झोपत असेल तर त्याला उठवाच. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून झोपल्याने धुराने गुदमरून माणसे गेलेली आहेत.

गाडी ठरवताना काय बोलाल?

पहिली गोष्ट मालाची, कारण घाईचे मूळ तिथेच आहे. लाल कांदा ओला भरला तर ताडपत्रीखाली तो गरम होतो, पाणी सुटते, आणि मग प्रत्येक तास जड जातो. हाच कांदा पातीसह शेतात ३ ते ५ दिवस वाळवला, मान २-३ सेंटिमीटर ठेवून कापली, जाळीच्या गोणीत भरला आणि ताडपत्री कडेने थोडी उघडी राहील अशी बांधली, तर रात्रीच्या ७-८ तासांच्या मुक्कामाने त्याचे काही बिघडत नाही. सांगोला-पंढरपूरकडच्या खोक्यातल्या डाळिंबाचेही तसेच. कोथिंबीर, मेथी, पालक यांना मात्र मुक्काम सोसत नाही. त्या जवळच्या बाजारात पाठवा, किंवा लांब जायचे असेल तर दोन चालकांची गाडी घ्या आणि दुसऱ्या चालकाचे पैसे भाड्यात धरा.

दुसरी गोष्ट वेळेची. पोचायची वेळ सांगताना अंतराला ४० ने भागा आणि लांब पल्ल्याला त्यात ८ तास मिळवा. हे जमत नसेल तर गाडी आदल्या दुपारी भरा. भरण्याआधी आडत्याला फोन करून उद्या लिलाव आहे का, रांग किती आहे, हे विचारा. एका फोनने चालकाची आख्खी रात्र वाचते. रांगेत थांबावे लागले तर हॉल्टिंग किती द्यायचे हे आधीच बिल्टीवर लिहा. नंतर यार्डात त्यावरून भांडण होते आणि चालक चिडून, न झोपता परत निघतो. वाटेत गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे. हा क्रमांक गाडी भरतानाच चालकाला आणि सोबत जाणाऱ्या घरच्या माणसाला द्या.

विस्तार कार्यकर्त्यांना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना एक सांगणे. काढणीपश्चात प्रशिक्षणात वाहतुकीवर पाच मिनिटे असतात, ती अर्ध्या तासावर न्या आणि त्यात एखाद्या जुन्या चालकाला बोलायला बोलवा. महामार्गालगत जमीन असलेल्या सभासदांनी राखणदार ठेवून पार्किंग चालवणे हा जोडधंदाही होऊ शकतो. मात्र रस्त्याला जोडणी घ्यायला महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागते. ती न घेता ढाबा टाकला, तर फलोदीनंतर जी विचारणा सुरू झाली आहे, त्यात तो पहिला सापडेल.

बाजार समितीकडेही मागणी करायला हवी. आवक जास्त असताना गावनिहाय किंवा दिवसनिहाय टोकन आणि रांगेतल्या गाड्यांसाठी यार्डाबाहेर राखलेले मैदान, या दोन गोष्टी झाल्या तर रस्त्यावरची रांग बरीच कमी होईल. हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरातच हे लेखी द्या.

आणि ऊस असणाऱ्यांनी आपल्या घरचेही बघा. गाळप सुरू झाले की ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या रात्री रस्त्याकडेला उभ्या दिसतात. मागे दिवा नसतो, लाल पट्टी चिखलाने झाकलेली असते. पंक्चर झालेली ट्रॉली साइडपट्टीच्या पूर्ण खाली घ्या, मागे पन्नासएक मीटरवर परावर्तक त्रिकोण ठेवा, आणि ट्रॉली काढून नेताना चाकाला लावलेले दगड उचलायला विसरू नका.