बिलाचा प्रिंटर मोडीत काढण्यापूर्वी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत नवे संगणक आले. संगणक बदलला की पहिली कुऱ्हाड कोसळते ती बिलाच्या जुन्या प्रिंटरवर. शहापुरात माझ्या मावसभावाचे किराणा दुकान आहे. तिथेही संगणक देणाऱ्याने प्रिंटरकडे बघून एका वाक्यात निकाल लावला, "हळेदैतरी, ओगदबिडरी!"

ओगदून कसं चालेल? त्याची उधारीची गिऱ्हाइके पावती महिना-महिना खिशात बाळगतात. थर्मल कागदावरची अक्षरे उन्हाने, उष्णतेने उडतात; शिवाय त्यावर कार्बनची प्रत निघत नाही. रिबनच्या प्रिंटरवर एक प्रत गिऱ्हाइकाला, एक गल्ल्यात. हिशेबावरून वाद झालाच तर दोन्ही समोर ठेवायच्या.

यंत्र बिघडले आहे का, ते आधी बघावे. 'फीड'चे बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की बहुतेक यंत्रे स्वतःची माहिती छापतात. आमचे यंत्र ठणठणीत निघाले. अडले होते ते ड्रायव्हरपाशी. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषा, आणि दुभाष्यावाचून काय अडते हे आपल्या घरांत कोणाला सांगायला नको. जुन्या सीडीतला ड्रायव्हर ३२ बिटचा आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटची. ती सीडी शंभरदा घातली तरी उपयोग नव्हता.

इंटरनेटवर मॉडेलचे नाव टाकले, की 'मोफत ड्रायव्हर' देणाऱ्यांची रांगच लागते. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ड्रायव्हरऐवजी भलतेच काही संगणकात शिरते. यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवरून मॉडेल उतरवून घ्यावे आणि थेट कंपनीच्या सपोर्टच्या पानावर जावे.

तिथेही नसेल, तर विंडोजमध्येच 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' नावाचा ड्रायव्हर असतो. प्रिंटर हाताने जोडण्याचा पर्याय घ्यायचा, कंपनीच्या यादीत 'जेनेरिक' निवडायचे आणि पोर्ट नीट बघायचे. २५ पिनांची जुनी केबल असेल तर बहुधा एलपीटी १. इंग्रजी अक्षरे आणि आकडे छापायला एवढे पुरते.

आमच्या वहिनी धारवाडच्या. दुकानाचे नाव कन्नड आणि मराठी दोन्हींत हवे, असा त्यांचा आग्रह, आणि तो रास्तच होता. पण 'टेक्स्ट ओन्ली' प्रिंटरच्या पोटातलीच अक्षरे वापरतो. या जुन्या यंत्रात ना देवनागरी होती ना कन्नड, त्यामुळे नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. आपल्या लिप्या छापायच्या तर अक्षरांचे चित्र करून पाठवणारा कंपनीचा ड्रायव्हरच लागतो. सुदैवाने ६४ बिटचा मिळाला. चित्राची छपाई रेंगाळते, म्हणून वरचे नाव तेवढे दोन्ही लिप्यांत ठेवले आणि मालाची यादी यंत्राच्या स्वतःच्या अक्षरांत.

मिळालेली ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवणार, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केले आहे. आणि हो, रिबनही दोन जादा आणून ठेवा.