सर्व्हरला निजवले कोणी?

नागझिऱ्याच्या जंगलात 20 मे 2023 रोजी दोन वाघिणी सोडण्यात आल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून आणलेल्या या वाघिणींच्या गळ्यात उपग्रहामार्फत निरोप धाडणारे पट्टे होते. वाघिणींचे कौतुक तर झालेच. पण मला कुतूहल वाटते ते त्या पट्ट्यांचे. असा पट्टा दिवसाचा बहुतेक वेळ चक्क झोपलेला असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? ठरल्या वेळी तो जागा होतो, उपग्रहांच्या संदेशांवरून आपले ठिकाण काढतो, ते कळवतो आणि पुन्हा निजतो. वाघिणीच्या गळ्यातली बॅटरी रोज चार्ज करायला कोण जाणार? अखंड जागा राहिला तर पट्टा थोड्याच दिवसांत मुका होईल. त्याची झोप हा बिघाड नसून युक्ती आहे.

अशा निरोपांच्या साखळीत दुसऱ्या टोकाला एक संगणक असतो. आलेली माहिती घेणे, जपणे आणि मागेल त्याला देणे हे त्याचे काम. त्याला सर्व्हर म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने 1991 साली ज्या लिनक्सची सुरुवात केली, त्या लिनक्सवर आज जगातले असंख्य सर्व्हर चालतात. पट्ट्याने झोपावे आणि सर्व्हरने जागावे, अशी ही वाटणी आहे. आता सर्व्हरच झोपू लागला तर?

कल्पना करा, साकोली किंवा गोरेगावकडच्या एखाद्या शाळेत जुन्या संगणकावर लिनक्स घातले आहे. अंगणातल्या पर्जन्यमापकाची आणि तापमापकाची नोंद तो दर तासाला टिपतो. दुपारी सारे ठीक. सकाळी येऊन पाहावे तर पडदा काळा, आणि रात्रीच्या नोंदींची जागा कोरी. मृगाचा पहिला पाऊस नेमका त्याच रात्री पडून गेलेला! गुरुजी बटण दाबून धरतात, यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात. चालते! दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. आठवडाभराने संगणकावर कापड पडते, खोलीला कुलूप लागते आणि ‘पोरांनीच काहीतरी केले’ असा निकाल लागतो.

माझे म्हणणे असे की, पहिली चूक पोरांची नाही, बटण दाबणाऱ्या हाताची आहे. लिनक्स आपली रोजनिशी लिहीत असते. काही संगणकांवर ही रोजनिशी चकतीवर न लिहिता केवळ स्मृतीत ठेवलेली असते, आणि वीज तोडली की ती पुसली जाते. म्हणजे ज्या वहीत गुन्हेगाराचे नाव होते, ती वहीच आपण जाळली! म्हणून आधी कळफलकावरची एखादी कळ हलकेच दाबून पाहा. यंत्र झोपले असेल तर ते बहुधा उठेल.

उठल्यावर त्याला पहिला प्रश्न विचारा: तू किती वेळ चालू आहेस? त्यासाठी ‘अपटाइम’ नावाची आज्ञा आहे. रात्री वीज गेली असेल, आणि आपल्याकडे पहिला संशय विजेवरच जातो, तर हा हिशेब शून्यापासून नव्याने सुरू झालेला दिसेल. यंत्र नुसते झोपले असेल तर हिशेब अखंड असेल, कारण लिनक्स झोपेचा वेळही त्यात धरते. एका आकड्यावरून अर्धे संशयित सुटले, पाहा!

मग ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा देऊन रोजनिशी उघडा. नोंदींमध्ये मोठी फट दिसेल. त्या फटीच्या आधीच्या ओळींत ‘सस्पेंड’ हा शब्द शोधा. ‘सस्पेंड’ म्हणजे स्मृतीला थोडी वीज देत ठेवून बाकीचे अवयव निजवणे. ‘हायबरनेट’ म्हणजे स्मृतीतला सारा मजकूर चकतीवर उतरवून वीज पार बंद करणे. हायबरनेट हा शब्द प्राण्यांच्या शीतनिद्रेवरून घेतला आहे. जाता जाता सांगतो, नागझिऱ्यातले अस्वल मात्र शीतनिद्रा घेत नाही. आपल्या रानात थंडीतही त्याला खायला मिळते.

आता झोपेच्या वेळा कागदावर मांडा. शेवटची कळ दाबल्यापासून दर खेपेला बरोबर वीस मिनिटांनी यंत्र निजत असेल, तर कोठेतरी गजर लावलेला आहे. वेळा वेड्यावाकड्या असतील तर माणसावर नजर ठेवा. सर्व्हर म्हणून जुना लॅपटॉप वापरत असाल तर कोणी तरी धूळ बसू नये म्हणून झाकण मिटत असेल! झाकण मिटताच निजावे, असा लिनक्सचा मुळातलाच रिवाज आहे. काही कळफलकांवर झोपेची स्वतंत्र कळ असते, तिच्यावरही कोणाचे बोट पडू शकते.

गजराची गोष्ट अधिक मौजेची आहे. लिनक्सवर ‘ग्नोम’ नावाचा चित्रमय पडदा पुष्कळ ठिकाणी वापरतात. 2018 सालच्या फेडोरा 28 या आवृत्तीत असा नियम आला की, वीस मिनिटे कोणी वापर केला नाही तर विजेला जोडलेला संगणकही निजावा. घरच्या संगणकासाठी नियम चांगलाच, वीज वाचते. पण ‘वापर’ म्हणजे काय? हा गजर त्याच संगणकाच्या कळफलकाकडे आणि माउसकडे पाहतो. दुसऱ्या गावाहून जाळ्यामार्फत कोणी त्यावर काम करीत असले, तरी गजराच्या लेखी तेथे कोणीच नाही.

हे हुबेहूब जंगलातल्या कॅमेऱ्यासारखे आहे. वाघांच्या गणनेसाठी झाडांना बांधलेले कॅमेरे उष्णतेतला बदल टिपून जागे होतात. वाघ समोरून चालत गेला की छायाचित्र निघते. पण तोच वाघ दगडासारखा निश्चल बसून राहिला तर कॅमेऱ्याला तो दिसत नाही. त्यावरून तेथे वाघ नाही असे तुम्ही म्हणाल काय? सर्व्हरच्या गजराने नेमके तेच म्हटलेले असते.

येथे एक खाचही आहे. तुम्ही आपल्या खात्यात जाऊन गजर बंद करता आणि तरीही यंत्र निजते. कारण कोणीच आत शिरलेले नसताना जो नाव विचारणारा पडदा दिसतो, त्याचे खाते निराळे आणि त्याचा गजरही निराळा. तो वेगळा बंद करावा लागतो. पुष्कळ जण येथेच हात टेकतात.

जाणती मंडळी झटपट इलाज सांगतात, झोपेचे दारच बंद करा. लिनक्समध्ये ‘मास्क’ करून तसे करता येते. मग गजर वाजो की झाकण मिटो, यंत्र निजत नाही. इलाज खरा आहे, पण तो सर्वांत आधी करावा हे मला पटत नाही. कारण समजण्याच्या आधीच लक्षण दडपले, तर शाळेने शिकले काय? शिवाय झाकण मिटलेला लॅपटॉप रात्रभर जागत तापत राहील, ते वेगळेच. एका वेळी एकच गोष्ट बदला, घड्याळ लावून पंचवीस मिनिटे थांबा, आणि काय झाले ते लिहा. प्रयोगशाळेत क्षारपरीक्षण करताना आपण दुसरे काय करतो? शिक्षकांनी यासाठी एक तासिका दिली तर ती वाया जाणार नाही.

आणि सर्व्हर सदैव जागाच हवा, हे तरी कोणी ठरवले? समजा तुमचा संगणक 50 वॅट वीज घेतो. दिवसाचे 24 तास म्हणजे 1.2 युनिट, महिन्याला 36 युनिट. दुसरे कोणी केव्हाही हाक मारणार असेल तर त्याने जागलेच पाहिजे. पण त्याला केवळ तासाला एकदा पाऊस टिपायचा असेल, तर वाघिणीच्या पट्ट्याचा धडा त्याने का गिरवू नये? संगणकात एक छोटे घड्याळ असते, ते यंत्र झोपले तरी चालू राहते. ‘आरटीसीवेक’ या आज्ञेने त्याला सांगता येते की, आता यंत्राला निजव आणि अमुक वेळी उठव. सहावीच्या मुलांनी पावसाची वही सांभाळावी, दहावीच्या मुलांनी ही आज्ञा लिहावी. पहिल्या रात्री एखादी नोंद चुकलीच, तर सकाळी रोजनिशी उघडून पाहा. यंत्र उठले होते की नाही, ते तिच्यात लिहिलेले असेल.