वेगाचा वायदा

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, ही वार्ता गोमंतकात फारशी कुणाच्या नजरेस आली नसेल. आमच्याकडे पांढुर्णा ठाऊक असलेच तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. वस्तुतः हा संत्र्यांचा, मराठी बोलणारा मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे तालुके छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. बाजार नागपूरचा आणि दफ्तर भोपाळचे, असा दुहेरी संसार हे लोक तेव्हापासून करीत आले आहेत.

अशा सीमेवरच्या माणसाला घरातील इंटरनेट ही चैन नव्हे. जमिनीचा खसरा, मुलाचा परीक्षेचा अर्ज, नागपूरच्या बाजारातला संत्र्याचा भाव, दूर देशी गेलेल्या मुलीचे दर्शन, हे सारे आता त्या एका तारेतून यावयाचे असते. त्या तारेसाठी तो महिन्याचे पैसे आगाऊ मोजतो. जाहिरातीत मात्र त्याला ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ वेग मिळेल असे सांगितलेले असते, आणि सारी मेख त्या ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययात आहे! शंभरपर्यंत म्हणजे दहाही आणि दोनही. दुकानदाराने किलोपर्यंत साखर देतो म्हणून पाव किलो तोलून हाती ठेवली, तर वजनमापे खात्याचा निरीक्षक त्याच्या दारात उभा राहील. वेग विकणाऱ्याच्या दारात कोण उभे राहते?

वेग कमी का पडतो, यात गूढ काही नाही. तांब्याच्या तारेवरची सेवा असेल तर केंद्रापासून घर जितके दूर तितका वेग घटतो. काचतंतूची तार या बाबतीत पुष्कळ बरी. पण तीही एकट्याची नसते. एकच वाहिनी अनेक घरांत वाटलेली असते. किती घरांत वाटावी याची मर्यादा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००९ साली घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास अशी सुचविली होती. दुपारी सारे सुरळीत चालते, आणि रात्री आठच्या सुमारास पन्नास घरे एकदम चित्रपट लावतात, तेव्हा मुलाचा ऑनलाइन वर्ग रांगू लागतो. कंपन्या म्हणतात, दोष तुमच्या जुन्या फोनचा, जाड भिंतींचा. त्यात तथ्य नाही असे नाही. म्हणूनच मोजणी घरातील यंत्राला थेट तार जोडून, आणि रात्रीच्या गर्दीच्या वेळी व्हावयास हवी.

नियम नव्हते असेही नाही. ट्रायच्या २००६ च्या विनियमांत कबूल केलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा, असे बंधन होते. परंतु ते कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या टप्प्यापुरते! त्यापलीकडचा, जगाकडे जाणारा रस्ता तुंबला तरी कागदोपत्री सर्व क्षेम. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे विनियम लागू झाले आणि दंडाची रक्कम दहा लाखांपर्यंत वाढली. जिल्ह्यातील सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद पडली तर भाड्यात सूट देण्याची तरतूदही आली. स्तुत्यच आहे. पण तो दंड ग्राहकाच्या खिशात पडत नाही, आणि महिनोन्महिने मंद चाललेली सेवा ही ‘बंद’ सेवा नव्हे. आजारी माणूस मेल्यावरच औषध द्यावे, तसा हा प्रकार झाला.

ब्रिटनमध्ये २०१८ पासून रात्री आठ ते दहा या वेळात निदान निम्म्या ग्राहकांना मिळू शकेल तोच वेग जाहिरातीत सांगता येतो. शिवाय तेथील नियामकाच्या संहितेला मान्यता दिलेल्या कंपन्यांना कराराच्या वेळी किमान वेगाची हमी द्यावी लागते. ती पाळली गेली नाही आणि महिनाभरात दोष दूर झाला नाही, तर ग्राहक दंड न भरता करार मोडू शकतो. आपल्याकडे हे का होऊ नये? सरकारने २०२३ च्या आरंभी ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएसवर नेली. परंतु शंभराचे पैसे देणाऱ्यास दोनाच्या व्याख्येचा उपयोग काय?

आमच्या वाचकांना हे परके वाटू नये. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी, सांगे येथील मुले पुस्तके घेऊन डोंगर चढत होती आणि शेजारच्या कणकवलीत एका मुलीला अभ्यासासाठी माळावर खोप उभारावी लागली, ती या संपर्काच्या दुष्काळापायीच. शहरात एक कंपनी सोडून दुसरी धरता येते. जेथे तार एकाच कंपनीची, तेथे ग्राहक जाणार कोठे?

त्याला न्यायाची वाट मात्र मोकळी आहे. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. तक्रार प्रथम कंपनीकडे, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे नोंदवावी, तक्रारीचा क्रमांक आणि आठवडाभर रात्री मोजलेल्या वेगाची टिपणे जपून ठेवावीत. पण चारशे-पाचशे रुपयांच्या देयकासाठी सौंसरच्या बागाईतदाराने किती खेटे घालावयाचे? करारात ‘पर्यंत’च्या जागी ‘किमान’ हा शब्द घालण्याची सक्ती ट्रायने केली, तर ते खेटे बव्हंशी वाचतील.